वसंत : पुस्तकातला आणि गोदाकाठचा

‘वसंत ऋतूची लक्षणे सांगा’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडील बहुतेक मुलांना पाठ असते. आंब्याला मोहोर येतो, कोकिळा गाऊ लागते, झाडांना पालवी फुटते, हवा आल्हाददायक असते. वसंताचे महिने कोणते, तर चैत्र आणि वैशाख. नांदेडचा मुलगा हेच लिहितो, लातूरची मुलगी हेच लिहिते आणि रत्नागिरीचा मुलगाही हेच लिहितो. तिघांनाही पूर्ण गुण मिळतात.

हेच उत्तर घेऊन गोदावरीच्या किंवा मांजरेच्या काठी उभे राहिले तर काय होते? मराठवाड्यात आंबा मोहोरतो तो मुख्यतः पौष-माघात. चैत्रात झाडाला कैऱ्या लटकलेल्या असतात. गाणारी कोकिळा नसते, कोकीळ असतो. काळा नर ‘कुहू’ करतो आणि ठिपकेदार मादी नुसती किटकिटते. हवेबद्दल बोलायचे तर मार्चअखेर नांदेडचा पारा चाळिशीकडे सरकू लागतो आणि वैशाखातल्या दुपारी तिला आल्हाददायक म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. चार लक्षणांपैकी एक पालवी तेवढी कसोटीला उतरते. तीही निंबाला केव्हा, पिंपळाला केव्हा आणि करंजाला केव्हा, हे उत्तरात नसते.

मुलांचा यात दोष नाही. हे उत्तर आपल्या लिखित परंपरेतून गाळून गाळून त्यांच्यापर्यंत आले आहे. म्हणून त्या परंपरेतील तीन लिखाणे तपासावीत असे आम्हाला वाटते. एक सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळात रुजलेले, एक १९५६ सालचे आणि एक १९३०च्या दशकातले. तिन्ही आपापल्या जागी मोठी आहेत. त्यांचे साहित्यिक मोल ठरवणे हा आमचा विषय नाही. माघ-फाल्गुनात मुलांना घेऊन नदीकाठी जाणाऱ्या शिक्षकाला यांपैकी कोणाकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, एवढेच आम्ही पाहणार आहोत.

गाथेतली गोदावरी

नांदेडहून गोदावरीच्या प्रवाहाविरुद्ध जात राहिले की पैठण लागते. हेच सातवाहनांचे प्रतिष्ठान. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’चा संग्रह सातवाहन राजा हाल याच्या नावावर आहे. स. आ. जोगळेकरांनी तिची मराठी आवृत्ती १९५६ मध्ये सिद्ध केली आणि ती सामान्य वाचकाच्या हाती आली. आपल्या नदीकाठचे सर्वांत जुने वाङ्मयीन चित्र हवे असेल तर ते येथे आहे. यात गोदावरीचे काठ आहेत, काठावरच्या दाट झाडोऱ्यातील संकेतस्थळे आहेत, शेते आहेत, मोह आहे, आंबा आहे. पळसाच्या फुलाला पोपटाच्या चोचीची उपमा देणारी एक गाथा आहे. ती उपमा किती नेमकी आहे हे पळसाचे एक फूल हातात घेतले की कळते. बाकदार पाकळी, तिचा रंग, खालची गडद पुष्पकोशाची वाटी, सारे जुळते. ज्याने कोणी ही उपमा प्रथम दिली त्याने फूल जवळून पाहिले होते यात शंका नाही.

परंतु नोंद म्हणून गाथा वापरताना सावध राहिले पाहिजे. एका प्रसिद्ध गाथेत नायिका एका धार्मिक गृहस्थाला सांगते की, आता निर्धास्त फिर, तुला त्रास देणाऱ्या कुत्र्याला गोदावरीकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारले. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त तिचे उदाहरण घेतल्यामुळे ती साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. एखादा उत्साही निसर्गप्रेमी या गाथेवरून ‘गोदावरीकाठी पूर्वी सिंह होते’ असे लिहून मोकळा होईल. पण गाथेचे मर्म उलट आहे. तो गृहस्थ फुले तोडायला ज्या झाडीत येतो, तेच नायिकेचे संकेतस्थळ आहे. त्याने तिकडे फिरकू नये म्हणून ती सिंहाची थाप मारते. ‘निर्धास्त फिर’ म्हणत ती त्याला घाबरवते. त्या काळी दख्खनमध्ये सिंह होते की नव्हते याचा निर्णय अन्य पुराव्यावरून करावा लागेल. या गाथेवरून फक्त एवढेच कळते की सिंहाचे नाव काढले की माणूस घाबरत असे.

वर्गात हे उदाहरण जरूर घ्यावे. निरीक्षण कोणी केले, कशासाठी सांगितले आणि सांगणाऱ्याचा त्यात काही हेतू होता का, हे प्रश्न विज्ञानात पहिल्या दिवसापासून विचारावे लागतात. गाथेने ते दोन हजार वर्षांपूर्वी आपल्यासमोर ठेवले आहेत.

‘ऋतुचक्र’ आणि त्याचे महिने

ज्या १९५६ मध्ये जोगळेकरांची गाथा आली, त्याच वर्षी दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ प्रसिद्ध झाले. मराठी महिन्यांच्या क्रमाने वर्षभराचा निसर्ग टिपणारे हे पुस्तक मराठी निसर्गलेखनात मैलाचा दगड मानले जाते, आणि ते योग्यच आहे. निसर्गवर्णन म्हणजे चंद्र, कमळ आणि मंद वारा ही समजूत या पुस्तकाने मोडली. दुर्गाबाई पालवीचे रंग वेगवेगळे करून दाखवतात. पानगळ, पालवी, फूल आणि फळ या अवस्था आपल्याकडे एकापुढे एक रांगेत उभ्या राहत नाहीत, एकमेकींत मिसळतात, हे त्यांच्या लिखाणातून सतत जाणवते. युरोपातील चार ऋतूंचा साचा आपल्या झाडांवर बसवू नये हा धडा त्यांनी न शिकवता शिकवला आहे. मराठी शिकवणाऱ्या आणि विज्ञान शिकवणाऱ्या, अशा दोन्ही शिक्षकांनी हे पुस्तक जवळ ठेवावे.

आमचे आक्षेप दोन आहेत, आणि दोन्ही पुस्तकापेक्षा आपण ते कसे वापरतो यावर अधिक आहेत.

पहिला आक्षेप जागेचा. दुर्गाबाईंचा निरीक्षणाचा परिसर प्रामुख्याने मुंबई आणि तिच्या आसपासचा. समुद्राकाठची दमट हवा आणि मराठवाड्यातील कोरडी, तापणारी व रात्री थंड होणारी हवा यांत मोठा फरक आहे. तेव्हा ‘ऋतुचक्रा’तील महिना उचलून लातूरच्या झाडाला चिकटवता येत नाही. पाठ्यपुस्तके आणि भाषणे नेमके तेच करतात.

दुसरा आक्षेप कालगणनेचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. आपले महिने चांद्र आहेत, अधिक महिना घालून ते सूर्याशी जुळते ठेवले जातात. त्यामुळे गुढीपाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला आला, २०२५ मध्ये ३० मार्चला आणि २०२६ मध्ये १९ मार्चला. तीन वर्षांत तीन आठवड्यांचा फरक! पळस चांद्र महिन्यांचे पंचांग पाहत नाही. ‘चैत्राच्या आरंभी करंज पालवला’ या वाक्याचा अर्थ एका वर्षी १९ मार्च तर दुसऱ्या वर्षी ९ एप्रिल असा होतो. हवामान बदलामुळे झाडांचा बहर काही दिवसांनी पुढेमागे सरकतो का, हे आज जगभर तपासले जात आहे. जो बदल शोधायचा तो दिवसांचा, आणि मोजपट्टीतली चूक आठवड्यांची. अशा मोजपट्टीने काही सिद्ध होणार नाही.

यात आणखी एक खोच आहे. आपले पंचांग नाक्षत्र वर्षावर चालते. ऋतूंचे वर्ष, म्हणजे सायन वर्ष, नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी लहान असते. वीस मिनिटे ऐकायला किरकोळ वाटतात. पण साधारण ७१ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो आणि सतराशे वर्षांत चोवीस. म्हणजे गाथेच्या काळातला चैत्र आणि दुर्गाबाईंचा चैत्र यांच्या नावात फरक नसला तरी ऋतूंच्या हिशेबात त्या दोहोंमध्ये तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने हे हेरले होते. २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत वसंताचे महिने फाल्गुन आणि चैत्र असे धरले आहेत. त्यातला सौर फाल्गुन २० फेब्रुवारीला सुरू होतो. मराठवाड्यातला पळस, सावर आणि निंब यांच्याकडे पाहिले तर समितीचा वसंत खरा ठरतो. तरीही आपण मुलांकडून ‘चैत्र-वैशाख’ पाठ करून घेत आहोत.

सलीम अलींची पाहणी

तिसरे लिखाण मराठीत नाही आणि ललितही नाही. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानाच्या पक्ष्यांची पाहणी सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये केली. तिचा वृत्तान्त १९३३-३४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाला. पक्षी कोणता, कोठे मिळाला, कोणत्या तारखेला, नर की मादी, विणीच्या अवस्थेत होता की नव्हता, अशी ही नोंद आहे. वाचताना कोणी डोलणार नाही. पण नव्वद वर्षांनंतर त्याच ठिकाणी जाऊन ‘तेव्हा होता, आता आहे का?’ हा प्रश्न विचारता येतो, तो केवळ या कोरड्या तपशिलामुळे. वर पाहिलेली दोन्ही पुस्तके हा प्रश्न विचारू देत नाहीत.

अर्थात या लिखाणालाही मर्यादा आहेत. ते इंग्रजीत आहे, ग्रंथालयांत बंद आहे आणि पक्ष्यांच्या क्रमाने लिहिलेले आहे, ऋतूच्या क्रमाने नाही. अशी पाहणी एकदाच होते. दरवर्षी तोच काठ कोणी पाहत नाही. मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्याने जंगलात राहणाऱ्यांकडून पक्ष्यांची नावे व माहिती गोळा करून हे ज्ञान मराठीत आणले, हे मोठे काम झाले. मात्र त्यांचे अनुभवविश्व बरेचसे विदर्भातील जंगलांचे आणि तळ्यांचे. मराठवाड्याची नदी आपली आपणच वाचायची राहिली आहे.

नदीकाठी काय दिसते?

इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने १७३६ पासून वसंताच्या खुणांच्या तारखा टिपायला सुरुवात केली आणि त्याच्या वंशजांनी ही नोंद १९५८ पर्यंत चालवली. त्याच्या यादीत बेडकांचे डरावणे आहे, भिंगरीचे आगमन आहे, ओकची पालवी आहे. वसंताची जी कल्पना आपल्याकडे इंग्रजी वाचनातून आली तिचा गाभा ‘आगमन’ हा आहे. थंडी हटते, पक्षी येतात, बेडूक जागे होतात.

आता गोदावरीकाठी उलट पाहा. तीच माळभिंगरी आपल्याकडे हिवाळ्याची पाहुणी असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती तारांवर शेकड्यांनी बसलेली दिसते, आणि काही दिवसांत तारा रिकाम्या होतात. तिकडच्या वसंताची खूण म्हणजे तिचे येणे, तर आपल्याकडच्या वसंताची खूण म्हणजे तिचे जाणे. मोठ्या जलाशयांवरचे पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदके आणि थापटे याच सुमारास निघतात. पट्टकादंब हिमालय ओलांडून मध्य आशियाकडे जातात. ते ७,००० मीटरहून अधिक उंचीवरून उडाल्याची नोंद उपकरणे बांधून झालेली आहे. बेडकांचे म्हणाल तर आपला मोठा बेडूक मृगाच्या पावसाखेरीज तोंड उघडत नाही.

आपला जलकाठचा वसंत हा असा मुख्यतः निरोपाचा ऋतू आहे. कोणत्याही पाठ्यपुस्तकात हे वाक्य आम्ही वाचलेले नाही.

या पक्ष्यांना निघायची वेळ कशी कळते? ‘ऊन वाढले म्हणून गेले’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. मुख्य इशारा दिवसाच्या लांबीचा असतो. दिवस वाढू लागला की पक्ष्याच्या शरीरातील संप्रेरके बदलतात, तो अधिक खाऊ लागतो आणि प्रवासासाठी चरबी साठवतो. लंडनला वर्षातील सर्वांत लहान दिवस सुमारे आठ तासांचा आणि सर्वांत मोठा साडेसोळा तासांचा असतो. नांदेडला हेच आकडे सुमारे अकरा आणि सव्वातेरा असे आहेत. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा, तरी पक्षी तो ओळखतो. मुलांना रोजचा सूर्योदय-सूर्यास्त टिपायला लावला तर तो त्यांनाही ओळखता येतो.

निरोपाचे सर्वांत ठळक उदाहरण भोरड्यांचे. ज्वारी हुरड्यात आली की या गुलाबी-काळ्या पक्ष्यांचे थवे शेतावर उतरतात. त्यांना हाकलण्यासाठी गोफण फिरवणारे आजोबा अनेक मुलांनी पाहिलेले असतील. ज्वारी निघाली की हे थवे पळस आणि काटेसावरीच्या फुलांवर येतात, मध पितात आणि डोक्याला पिवळा पराग माखून घेतात. ‘पळसमैना’ हे त्यांचे दुसरे नाव यावरूनच पडले. एप्रिलमध्ये त्या मध्य आशियाकडे निघतात. तेथे त्यांची पिल्ले टोळ आणि नाकतोड्यांवर वाढतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने नुकसान करणारा पक्षी दुसऱ्या देशातल्या शेतकऱ्याचा मित्र असतो. पळसाला मात्र या पाहुण्यांचा उपयोग होतो. पाने गळून गेलेल्या फांद्यांवर लाल-केशरी फुले दुरून दिसतात आणि मधासाठी येणारे पक्षी परागकण या झाडावरून त्या झाडावर नेतात. पळस उन्हाळ्याच्या तोंडाशी निष्पर्ण असतानाच का फुलतो, या प्रश्नाला यातून एक उत्तर मिळते.

सगळेच जातात असे नाही. पांढरा धोबी निघून जातो, पण पांढऱ्या भुवयांचा काळा-पांढरा थोरला धोबी येथलाच. तो याच दिवसांत पाण्याकाठच्या दगडावर बसून सुरेल शीळ घालतो आणि जवळच्या कपारीत घरटे बांधतो. शिंजिराचा नर मळकट पिसे टाकून जांभळा-काळा चमकू लागतो. तांबटाची ‘टुक् टुक्’ दिवसभर थांबत नाही. पुलाखाली तारवाली भिंगरी चिखलाची वाटी थापते. कोण जाणारा आणि कोण राहणारा, ही वर्गवारी मुलांना एका सकाळीत करता येते आणि तीतच वसंताचे निम्मे विज्ञान येते.

पुस्तकांतून निसटलेले वाळवंट

उरलेले निम्मे विज्ञान पाण्यात आहे. वसंताची आपली सारी वर्णने झाडाकडे पाहतात, फुलाकडे पाहतात. उतरत्या पाण्याकडे पाहत नाहीत. मराठवाड्याचा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यानंतर नदी आकसत जाते. प्रत्येक आठवड्याला पाण्याची रेघ खाली सरकते आणि ओल्या गाळाचा एक नवा पट्टा उघडा पडतो. त्या पट्ट्यावर तुतवार, शेकाटे आणि चिखले चरतात. त्यापुढे वाळूची बेटे वर येतात. या बेटांवर मार्चपासून नदी सुरय, छोटा आर्ली आणि छोटा कंठेरी चिखल्या अंडी घालतात. घरटे म्हणजे वाळूतला एक उथळ खळगा. अंड्यांचा रंग वाळूशी आणि खड्यांशी इतका मिळतो की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. टिटवीचेही तसेच. भर उन्हात ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. तिचे हे बसणे अंडी उबवण्यासाठी नसते, ती गार ठेवण्यासाठी असते.

या पक्ष्यांनी उन्हाळाच का निवडला? कारण पावसाळ्यात बेट नसते आणि हिवाळ्यात ते पाण्याखाली असते. उलट बगळ्यांना भरपूर मासे-बेडूक पावसाळ्यात मिळतात, म्हणून त्यांची वीण तेव्हा. सुगरणीला गवताची लांब हिरवी पाती लागतात, म्हणून तीही पावसाळ्यात विणते. आपल्या देशात कोणता ना कोणता पक्षी वर्षाच्या प्रत्येक महिन्यात विणत असतो. ‘वसंत हा पक्ष्यांच्या विणीचा काळ’ हे सरसकट वाक्य थंड देशांतून उचललेले आहे. ज्याची त्याची वीण ज्याच्या त्याच्या अन्नावर आणि जागेवर ठरते.

आणि आता या जागाच जाऊ लागल्या आहेत. वाळू उपसली की बेट जाते. धरणातून उन्हाळी पाळी सोडली आणि पाणी एका रात्रीत हातभर चढले, तर खळग्यातली अंडी वाहून जातात. बेटापर्यंत पाय टाकत जाता येईल इतके पाणी आटले, तर कुत्री पोहोचतात. शहराच्या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी उघडा गाळ झाकून टाकते. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत नदी सुरय आज ‘असुरक्षित’ गटात आहे. एके काळी आपल्या मोठ्या नद्यांवर सर्वत्र दिसणारा हा पक्षी आहे.

नांदेडजवळच्या अमुक बेटावर दहा वर्षांपूर्वी किती जोड्या होत्या, असे उद्या कोणी विचारले तर काय सांगणार? ‘पूर्वी पुष्कळ असायचे’ हा पुरावा नव्हे. वाळूच्या लिलावाला हरकत घ्यायची असो की पाणी सोडण्याचे वेळापत्रक आठवडाभर पुढे ढकलण्याची विनंती करायची असो, हातात तारीख आणि आकडा लागतो. ‘ऋतुचक्रा’सारखे सुंदर पुस्तक नदीवर प्रेम करायला शिकवील, पण तिची बाजू मांडायला दाखल्यांची वही लागेल. आपल्या निसर्गलेखनाने पहिले काम केले आणि दुसरे सोडून दिले, ही आमची खरी तक्रार आहे.

लातूरकरांना हे वेगळे सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. अशा वर्षी नदीतल्या शेवटच्या डोहांवर कोण टिकून राहते, कोण नाहीसे होते आणि पाऊस झाल्यावर कोण किती दिवसांनी परतते, याची एका शाळेची नोंद असली तरी ती शास्त्रज्ञांना मोलाची ठरेल. पुन्हा दुष्काळ येणार नाही असे कोणी सांगू शकत नाही. वही आधीपासून चालू असली पाहिजे.

शिक्षकाने काय करावे?

नदीचा, तळ्याचा किंवा पाझर तलावाचा एक किलोमीटर काठ निवडावा. १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल या काळात आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी एकच तास चालावे. दहाच गोष्टी टिपाव्यात. पळसाचे पहिले फूल, निंबाची पालवी, पिंपळाची तांबूस पाने, कोकिळाची पहिली साद, तारांवरच्या भिंगऱ्यांची संख्या, भोरड्यांचा शेवटचा थवा, पाण्यावरची बदके, टिटवीची जोडी, वाळूच्या बेटांची संख्या आणि पाण्याची रेघ. रेघेसाठी पुलाच्या खांबावरची किंवा घाटाच्या पायरीवरची एक खूण पुरते. तारीख इंग्रजी घालावी. मराठी तिथी सोबत लिहिली तर उत्तमच, मुलांना दोन्ही पंचांगांतला फरक आपोआप कळेल. जे दिसले नाही त्यापुढे ‘शून्य’ लिहावे, रकाना मोकळा ठेवू नये. ‘बदके नव्हती’ आणि ‘बदके पाहिली नाहीत’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बेटांवर मुलांना नेऊ नये. दुर्बिणीने काठावरूनच पाहावे.

गावातली जाणती माणसे जे सांगतील तेही लिहून घ्यावे आणि पडताळावे. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर त्या साली पाऊस जास्त, असे म्हणतात. हे खरे की खोटे याचा निकाल आम्ही येथे देत नाही. अंड्यांच्या जागेची पाण्यापासूनची उंची आणि त्या वर्षीचा पाऊस हे दोन आकडे दहा वर्षे मांडले की मुलेच निकाल देतील. लोकसमजुतीची टिंगल करणे आणि ती मान्य करणे या दोहोंपेक्षा ती मोजणे अधिक शहाणपणाचे आहे.

हे काम एकट्या शाळेचे राहावे असेही नाही. स्थलांतरित पक्ष्यांच्या येण्याजाण्याच्या तारखा लोकांकडून गोळा करणारा ‘मायग्रंटवॉच’ हा उपक्रम २००७ मध्ये आपल्या देशात सुरू झाला. झाडांच्या ऋतुमानाची नोंद ठेवणाऱ्या ‘सीझनवॉच’मध्ये शाळांचा मोठा वाटा आहे. क्योटोच्या चेरीच्या बहराच्या तारखा बाराशे वर्षांपासून मिळतात, म्हणून २०२१ चा बहर तोवरचा सर्वांत लवकरचा होता हे छातीठोकपणे सांगता आले. आपल्याकडे २०२३ चा फेब्रुवारी दिवसाच्या सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला. हे हवामान खात्याच्या नोंदींवरून कळले. त्या फेब्रुवारीत मराठवाड्यातला पळस लवकर फुलला का, भोरड्या लवकर गेल्या का, हे ज्या शाळेच्या वहीत असेल ती शाळा भाग्यवान म्हणायची.

मांजरा आणि गोदावरी नांदेड जिल्ह्याच्या सीमेपलीकडे कंदकुर्तीला एकमेकींना मिळतात. लातूरची एक वही आणि नांदेडची एक वही अशाच शेजारी ठेवल्या, तर मराठवाड्याच्या वसंताचे पहिले विश्वसनीय पान तयार होईल. मग ‘वसंत ऋतूची लक्षणे सांगा’ या प्रश्नाला लातूरच्या मुलीने रत्नागिरीच्या मुलापेक्षा वेगळे उत्तर लिहिले तरी परीक्षकाने पूर्ण गुण द्यावेत. फक्त उत्तराखाली तारीख आणि ठिकाण असले पाहिजे.